खोडमाशीच्या निबंधावरचं पहिलं नाव

तेलंगणातल्या आमच्या कृषी विद्यापीठात संशोधन संचालक व्हायचा रस्ता सगळ्यांना पाठ होता. आधी परदेशात दोन-तीन वर्षं, मग मुख्यालयात बदली, मग समित्या. मी पीएचडी होताच आदिलाबादच्या संशोधन केंद्रावर नेमणूक मागून घेतली, तेव्हा विभागप्रमुख हिंदीत म्हणाले, "मॅडम, वहाँ से कोई ऊपर नहीं आता."

मी त्याच भागातल्या, तलमडुगुकडच्या कापूस-ज्वारीच्या घरची. मला तिथंच काम करायचं होतं.

ज्वारीच्या रोपाचा कोवळा पोंगा, म्हणजे मधला शेंडाच, जाळणारी खोडमाशी हा माझा विषय. वांकिडीपर्यंतच्या गावांतून बायकांनी घरी राखलेलं बियाणं मी गोळा केलं, पाच हंगाम पेरून पाहिलं. त्यातल्या दोन वाणांना माशी फारशी शिवत नव्हती. शोधनिबंध लिहून मुख्यालयात पाठवला आणि तो संमतीच्या सहीसाठी परत आला. पहिलं नाव विभागप्रमुखांचं, दुसरं नुकत्याच परदेशातून आलेल्या त्यांच्या विद्यार्थ्याचं, तिसरं माझं. त्या विद्यार्थ्यानं आमचं शेत पाहिलंही नव्हतं.

फोन केला तर विभागप्रमुख शांतपणे म्हणाले, "आपकी सालाना गोपनीय रिपोर्ट मैं ही लिखता हूँ, याद रखिए."

त्या रविवारी घरी गेले. आई अंगणात ज्वारी पाखडत होती.

"काऊन तोंड पाडून बसली?"

सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"वावर तू पेरलं, अन् जमिनीचा पट्टा त्याच्या नावानं? सही कशी करतं तू?"

"नाही केली तर बढती अडवतील, आई."

"अडवू दे. तुयी नोकरी तं नाई ना खात?"

मी सही केली नाही. पाचही हंगामांच्या वह्या जोडून विद्यापीठाच्या समितीकडे लेखी तक्रार केली. निकाल यायला वर्ष गेलं. निबंध छापून आला तेव्हा पहिलं नाव माझं होतं. त्याच वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात विभागप्रमुखांनी लिहिलं, 'सहकार्याची वृत्ती नाही.' बढती अडली ती अडलीच. माझ्या मागून आलेले पुढं गेले. राग यायचा, पण सही न केल्याचा पस्तावा एकदाही झाला नाही. मी प्रकल्प आणले, विद्यार्थी घडवले, पुढं केंद्रही सांभाळलं.

संचालकपद बढतीनं नाही, थेट अर्ज मागवून भरायचे; त्याच्या पहिल्या मुलाखतीत मला दहा मिनिटांत बाहेर पाठवलं. पुढच्या वेळी जागा निघाल्यावर पुन्हा अर्ज केला. निवड समितीच्या अध्यक्षांनी फाईल उलटली.

"मुख्यालयाचा अनुभव नाही. आणि इथं लिहिलंय, सहकार्याची वृत्ती नाही."

"खरं आहे, सर," मी म्हणाले. "माझं काम दुसऱ्याच्या नावावर लावायला मी सहकार्य केलं नाही. उद्याही करणार नाही. तुम्हाला तसा संचालक हवा असेल तर मला घेऊ नका."

समितीतल्या, कोपऱ्यात बसलेल्या एका बाईंनी चष्मा काढला आणि माझ्या वह्या पाहायला मागितल्या. मग तासभर फक्त ज्वारीवर बोलणं झालं.

महिन्याभरानं नेमणुकीचं पत्र आलं. रुजू झाल्यावर माझा पहिला आदेश एवढाच होता: प्रयोग पेरण्याआधी कोण काय करणार आणि नाव कुठं येणार, ते लिहून सह्या करायच्या; शेतात राबणाऱ्या संशोधन सहायकांचीही नावं त्यात हवीत.

एक ज्येष्ठ प्राध्यापक दारातूनच म्हणाले, "मॅडम, यानं तुमचे दुश्मन वाढतील."

"वाढू द्या," मी म्हटलं. "त्यांनाही सह्या कराव्या लागतील."