सहदेवची टॅक्सी आणि देवासमोर ठरलेला भाव

आमच्या घाटकोपरच्या चाळीत सहदेवला देवाला गाऱ्हाणं घालायचं व्यसन होतं. मालवणी रीतीने तो देवाला मोठ्याने हाक मारून मागणं मागणार, आणि ऐकणाऱ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. नळाला पाणी आलं, घाल गाऱ्हाणं. मांजर व्याली, घाल गाऱ्हाणं. त्याची बायको सुगंधा म्हणायची, "देव कंटाळलो, पण ह्यांचा तोंड थांबत नाय."

संपात गिरणीतली नोकरी गेल्यावर हा गाडी शिकला. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला कुर्ल्याच्या एका दलालाकडे परवान्यासकट जुनी टॅक्सी पाहिली. पस्तीस हजारांना सौदा ठरला. सुगंधाच्या पाटल्या मोडून जमवलेले, त्यावर एक रुपया नाही. विसार दिला आणि सहदेवने तिथंच बॉनेटवर नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा! पस्तीस हजाराक गाडी घेतलंय, ती लाभांदे!" दलालाच्या दुकानातला नोकर धोंडू सहदेवसारखाच मालवणचा. गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून तोही हात जोडून ओरडला, "व्हय म्हाराजा!"

पावतीवर मात्र विसाराचाच आकडा. गाडीची किंमत लिहून घ्यायचं राहिलं.

गाडी आणायच्या दिवशी तो दलाल शेठ म्हणाला, "अडतीस. नवे टायर टाकले."

चाळीतले मधुकरराव, विम्याच्या कचेरीतले, कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे, किंमत लिहून नाही घेतलीस?"

"देवासमोर बोललंय ना!"

"देव साक्षीला येतो का रे कोर्टात?"

तरी ते गेले बरोबर, सुगंधाही निघाली. मीही गेलो; मला काय, फुकटची करमणूक. मधुकररावांनी छत्री रोखून बजावलं, "शेठ, सौदा ठरवून विसार घेतलात, आता भाव वाढवता येत नाही. ग्राहकांचा नवा कायदा आलाय, तक्रार ठोकीन!"

शेठ हसला. "पस्तीस बोललो, याला साक्षीदार कोण?"

सहदेवने गुपचूप पिशवीतून नारळ काढला. बॉनेटवर ठेवला. "बा देवा म्हाराजा! तुझ्यासमोर पस्तीस ठरले, आता अडतीस मागतत. ज्येनी शब्द फिरवलो, ज्येनी व्हय म्हटल्यान आणि आता गप रवलो, तेंका—"

"काका, थांबा!" धोंडू पांढराफटक. "फुडे बोलू नकात! शेठ, पस्तीसच ठरले होते. मी होतो तिथं. मी व्हय म्हाराजा म्हटलंय!"

"झाला साक्षीदार!" मधुकररावांची छत्री पुन्हा वर. दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरली. शेठने त्यांच्याकडे पाहिलं, मग धोंडूकडे, आणि किल्ली टेबलावर टाकली. मधुकररावांनी आधी पस्तीस लिहून सही घेतली, मगच पैसे मोजू दिले.

नारळाचा प्रसाद शेठनेही खाल्ला. दुसरा तुकडा मागून घेतला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

येताना मी ऐटीत पुढे बसलो. सहदेवने मीटर पाडला.

"अरे, मी शेजारी ना रे तुझा?"

"नानानू, पैली सवारी तुमचीच. आणि भाव ठरलेलोच."

मागून सुगंधा म्हणाली, "व्हय म्हाराजा!"