सुट्टीची लाल पट्टी

काल बेंगळुरूच्या बसमध्ये शेजारच्या आजींनी गुडघ्याला चोळलेल्या नीलगिरी तेलाचा वास आला आणि मला मलकापूरचं ते ऑफिस आठवलं. हाडांच्या दवाखान्याला लागूनच्या खोलीत ताई वेबसाइट बनवायच्या. आठवीतून शाळा सोडलेल्या मला त्यांनीच शिकवून कामाला ठेवलं. आमच्याकडं नेट रडतखडत चालायचं, म्हणून साइट नेटवर चढवण्याआधी सीएसएसमधले, म्हणजे पानाचे रंग-मांडणी ठरवणारे, न वापरलेले नियम काढून फाइल हलकी करायचं काम माझं. दवाखान्याच्या साइटवर ‘डॉक्टर आज नाहीत’ ही ओळ फक्त सुट्टीच्या दिवशी यायची, अगदी वर, ठळक लाल पट्टीत. मी तपासलं तेव्हा सुट्टी नव्हती. पट्टीचे नियम मला बिनकामाचे दिसले आणि कुणाला न विचारता मी ते उडवले. पुढच्या सुट्टीला ती ओळ पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत जाऊन बसली. दुपारी रोहिणखेडची एक बाई दवाखान्याला कुलूप पाहून, लंगडणाऱ्या सासूला धरून आमच्या दारात आली. “म्या सकाळी मोबाइलवर पाह्यलं ना! आता दुर्बीण लावून वाचावं का आमी? एष्टीत उभी आणली हिले!” ताईंनी तिचा मोबाइल पाहिला, मग म्हणाल्या, “चूक माह्यी हाय. बसा, पाणी घ्या.” सासूच सुनेला म्हणाली, “जाऊ दे वं, नको बोलू तिले.” काम जाईल या भीतीनं मी स्क्रीनवरून मान वर केली नाही. ती फाइल माझ्याशिवाय कुणी उघडली नव्हती, हे ताईंना ठाऊक होतं. तरी त्यांनी कधी विचारलं नाही. आज माझं पोट त्यांच्या शिकवण्यावर चालतं, हे मी ताईंना फोनवर दर वेळी सांगते. ‘ताई, ते मी उडवलं होतं,’ एवढं मात्र अजून सांगितलेलं नाही.