चुड्याचा हिरवा

मी तोंडाळ बाई आहे, कराडात कुणालाही विचारा. माझ्या पोटात काही राहत नाही असं आमचे हे सगळ्यांना सांगत असतात. त्यांना काय माहीत? एक गोष्ट राहिलीय. यांना सांगितली नाही, आईला सांगितली नाही, देवापुढं बसून मनातल्या मनातसुद्धा कधी नीट म्हटली नाही. तुम्हाला सांगते. का, ते मात्र विचारू नका — मलाही धड कळलेलं नाही.

रंगाची गोष्ट आहे. हसाल तुम्ही.

आमचं लग्नाचं काम असतं. मांडव सजवायचा, रुखवत मांडायचं, दारात पाहुण्यांना अत्तर-गुलाब द्यायचं, ओवाळायची ताटं तयार ठेवायची. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठंही बोलवा, आमचा टेम्पो येतो. टेम्पो हिरवा, कार्डं हिरवी, आमच्या बायकांच्या साड्या हिरव्या. हिरवा म्हणजे नवरीच्या चुड्याचा, तोच. लोक लांबून ओळखतात. पाचगणीच्या एका लग्नात एक बाई मला म्हणाल्या, इतका नेमका रंग सुचला कसा हो तुम्हाला? मी नुसती हसले. काय सांगणार होते?

दुपारी जेवून जरा आडवी झाले की तोच रंग डोळ्यांपुढं येतो. झोपही नसते, जागही नसते. नदीवर पिळायच्या आधी साडी पाण्यात सोडतो ना, तसं हिरवं हलत राहतं, हलत राहतं — आणि पलीकडं शालन उभी असते. पाठमोरी.

शालन माझी मैत्रीण. लग्न होऊन दोघी एकाच आळीत आलो. तिचे मिस्टर मिलिटरीत होते. तिकडं वर डोंगरात गाडी दरीत गेली आणि ते गेले, तेव्हा लेक बालवाडीत होती. पुढं वर्षभर शालन उंबऱ्याबाहेर आली नाही. मग मीच तिला बाहेर काढली — हे मी फार सांगते बरं का, सगळीकडं सांगते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पहिलं बोलावणं शालनला, आळीतल्या बायका चरफडल्या तरी पर्वा केली नाही. ते खरं आहे. तेवढं तरी खरं आहे. आणि म्हणूनच पुढचं सांगायला जीभ अडते.

धंदा दोघींनी मिळून काढला. पहिली बारशी, मग साखरपुडे, मग लग्नं. मी भाव ठरवायची, माणसं लावायची, ओरडायची. शालन माणसांत मिसळायची. नवऱ्यामुली तिला अशा चिकटायच्या की विचारू नका. एखादी रडवेली झाली की ही तिच्याजवळ जाऊन बसायची. ‘घाबरलीस व्हय गं? मी हाय की हितं,’ एवढंच म्हणायची. पोरगी हसायची. मला ते कधी जमलं नाही.

मग काम वाढलं आणि कुणीतरी डोक्यात घातलं की आता आपला एक ब्रँड पाहिजे, आपला एक रंग पाहिजे. साताऱ्याहून डिझाइन करणारी एक मुलगी आली. थंडीचे दिवस होते. शालनच्या गच्चीवर सतरंजी टाकून बसलो, त्या मुलीनं लॅपटॉपवर रंगांच्या पट्ट्या दाखवायला सुरुवात केली. खाली नजर जाईल तिथवर ऊस, आणि सगळ्या उसाला तुरा आलेला. ऊन तिरपं झालं होतं. वाऱ्यानं ते तुरे सगळे एका अंगाला झुकायचे, परत उठायचे. शालन लॅपटॉपकडं बघतच नव्हती.

‘नंदे, ह्यो रंग घेऊया की,’ ती म्हणाली. ‘जांभळा म्हनावा तर न्हाई, रुपेरी म्हनावा तर न्हाई. लगीनघरात पहाटं असंच वाटतं बघ.’

मी म्हटलं, तुरा आला की ऊस पोकळ पडतो, आमच्या ह्यांना विचार. असला रंग लग्नाला? ती हसली. रंग सुंदर होता. अजून कधीकधी वाटतं, टेम्पो त्या रंगाचा असता तर?

मग त्या मुलीनं विचारलं, तुमचा रंग बघून लोकांच्या मनात काय यावं? आणि मी म्हटलं — सौभाग्य. शालनकडं बघितलं नाही. म्हटलं, चुड्याचा हिरवा घेऊ. आणि पुढं उभ्या राहणाऱ्या सगळ्या बायकांना त्याच रंगाची साडी. सगळ्यांना एकच नियम.

इथं थांबते जरा.

शालन सगळे रंग घालायची. पिवळा, निळा, लेकीच्या गॅदरिंगला एकदा लालसुद्धा. हिरवा नाही. ते गेले त्या महिन्यात, माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती बोलली होती: ‘कोन काय म्हनतंय म्हनून न्हाई गं. बाकी समदं घालीन मी. हिरवं न्हाई. ते त्यांच्यासंगं गेलं.’ हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. दुसऱ्या कुणालाच नाही.

कळलं ना तुम्हाला? रंग निवडताना मला तेच आठवत होतं. तेवढंच आठवत होतं.

शालननं सतरंजीचा एक दोरा ओढला, परत सारखा केला. मग म्हणाली, ‘चांगलाय की. मी मागचं बघते. मागं बी कुनीतरी लागतंच.’ आणि चहा टाकायला खाली गेली.

कापड आणायला सांगलीला दोघी गेलो. रंगाची नजर तिचीच, माझी कुठली? दुकानात थानांवर थानं उलगडली गेली, सगळीकडं हिरवंच हिरवं. ती एकेक थान उचलून दाराशी उजेडात नेऊन बघत होती. ह्यो पोपटी झाला, ह्यो शेवाळी. एक शेवटी मनासारखं मिळालं. दुकानदारानं सवयीनं त्याचं टोक पदरासारखं तिच्या खांद्यावर टाकलं. म्हणाला, ताई, तुम्हालाच उठून दिसतोय बघा. खरंच दिसत होता. आरशात तिनं स्वतःकडं बघितलं — किती वेळ, मला नाही सांगता येणार. मग तिनं तो पदर हळूच काढला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. निऱ्या सारख्या केल्या. ‘हिला बघा,’ म्हणाली. मला तेव्हा तरी तोंड उघडता आलं असतं. मी आरशात बघत राहिले.

घरी ह्यांनी विचारलं, शालनवहिनी हल्ली पुढं दिसत नाहीत? मी म्हटलं, अहो, इस्लामपूरच्या पार्टीनं कुरकुर केली. नवरीची आजी म्हणाली, शुभकार्यात अशी बाई पुढं नको. हे हळहळले. म्हणाले, लोकं अजून तशीच, धंदा करायचा म्हणजे ऐकावं लागतं. मीही सुस्कारा सोडला. ती आजी मी मनात इतक्यांदा आणली की तिची नथ मला दिसायला लागली, तिचा घोगरा आवाज ऐकू यायला लागला. दुपारी डोळा लागला की ती खुर्चीत बसलेली असायची. मी तिच्यावर चिडायचेसुद्धा.

ती आजी नव्हतीच. इस्लामपुरात नव्हती, कुठंच नव्हती. लग्नाच्या कामात कुणीही, एकाही गिऱ्हाइकानं, शालनबद्दल कधी वावगा शब्द काढला नव्हता.

रंग ठरायच्या आधी इस्लामपुरात काय झालं ते सांगू? लग्न लागलं, आणि नवरीच्या आईनं शालनला मिठी मारली. म्हणाली, ताई, तुम्ही होता म्हणून निभावलं. मी शेजारी उभी होते. त्या बाईंनी आपली पिशवी माझ्या हातात दिली — जरा धरा हो, म्हणाल्या — आणि शालनला घेऊन फोटो काढायला गेल्या. बस्स. एवढंच झालं. पिशवी धरून मी उभी राहिले, आणि माझ्या अंगाचा भडका उडाला. त्यानंतर फोन आले तेही तसेच, शालनताईंना पाठवा, शालनताई येणार ना? मला जळफळाट होत होता. भीती नव्हती ती, रीतही नव्हती. जळत होते मी तिच्यावर. जिला मी बाहेर काढली तिच्यावर.

हिरव्या साड्या आल्यावर तसले फोन हळूहळू थांबले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, पुष्कळ बरं वाटलं.

परवाच्या थंडीत शालनच्या लेकीचं, ऋतुजाचं लग्न झालं. काम अर्थात आपलंच. सकाळी नदीवरनं धुकं कार्यालयापर्यंत आलेलं, त्यात आमचे हिरवे पडदे अर्धे दिसत होते, अर्धे नव्हते. ऋतुजा म्हणाली, मावशी, काय रंग आहे गं हा. कुणी ठरवला होता?

मी तोंड उघडायच्या आत शालन बोलली. ‘आमी दोघींनी,’ म्हणाली. मोठ्या अभिमानानं म्हणाली. मी मान हलवली.

अक्षता पडल्या. ओवाळायची वेळ झाली तशा आमच्या बायका ताटं घेऊन पुढं सरकल्या. शालन तिथं नव्हती. मला वाटलं, आत काही आणायला गेली असेल. मग दिसली. मांडवामागच्या पडद्याची कड धरून उभी होती, रोज असते तिथंच. लेकीचं लग्न ती तिथनं बघत होती. जा म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी बघितलं आणि तिला हाक मारली नाही.

तिच्या लेकीला मी ओवाळलं.