फोनचा एकच डोळा

श्रीगोंद्याच्या बाजारात मुबारकबी बांगड्या घेऊन कुठं बसते, हे एसटीतून उतरलेल्या कुठल्याही बाईला विचारावं. आसपासच्या गावांतल्या मनगटांची मापं तिच्या बोटांना पाठ. बोलता बोलता हात कधी भरला ते कळत नाही. शेजारी नवरा फक्रुद्दीन छत्र्या आणि कुलपं दुरुस्त करतो. त्याला ठार ऐकू येत नाही. अशा बोलघेवडीला असा नवरा मिळाला म्हणून लोक हसतात, आणि सगळ्यांत आधी तीच हसते.

मागच्या बाजारी मात्र ते हसू पळालं. कुणी पुढारी येणार म्हणून बजरंग हवालदार रस्ता मोकळा करत होता. फक्रुद्दीन पाठमोरा, कुलपात डोकं घालून बसलेला. हवालदार ओरडला, पुन्हा ओरडला. घाबरलेल्या मुबारकबीच्या तोंडून निसटलं, "साहेब, ते ऐकत न्हाईत!"

"ऐकत न्हाई? मग ऐकवतोच!" म्हणत त्यानं म्हाताऱ्याच्या पाठीत काठी घातली.

जन्मभर बोलून पोट भरलं, आणि ऐन वेळी एका शब्दानं दावा साधला. 'त्यांना ऐकू येत न्हाई' म्हणायचं होतं हो तिला! पाठीवरचा वळ शेकताना ती स्वतःलाच शिव्या घालत होती.

खर्ड्याला दिलेली लेक अलिझा फोनवर म्हणाली, "अम्मी, रस्त्यावर ड्यूटीवरच्या पोलिसाचा व्हिडिओ काढणं गुन्हा न्हाई. त्याच्या मधी पडू नको, नुसता फोन धरून उभी ऱ्हा." आणि बटण कुठलं तेही सांगितलं.

पुढच्या बाजारी पुन्हा कुणीतरी मोठा माणूस, पुन्हा बजरंग, पुन्हा तीच पाठ. काठी वर गेली तशी मुबारकबीनं फोन समोर धरला. 

"ए बाई, शूटिंग बंद कर! आन तो फोन हिकडं!"

"फोन न्हाई मिळायचा. रस्त्यावर काढायला बंदी न्हाई, माझी लेक म्हनली. बघायचं तर माझ्या हातात बघा."

भोवती गर्दी जमली. बजरंगानं काठी खाली घेतली आणि वाकून बघितलं. सगळ्या व्हिडिओत मुबारकबीच! हवालदाराची टोपीसुद्धा कुठं नाही. लेकीशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलायचं ते फोनच्या समोरच्या डोळ्यात बघून. फोनला पाठीमागंही डोळा असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गर्दी खो खो हसली.

पण आवाज सगळे आले होते. बजरंगाच्या शिव्या, आणि त्यावर तिचं रडवेलं, "त्यांना ऐकू येत न्हाई हो, ऐकू येत न्हाई!" हसू हळूहळू विरलं. बजरंग कानशिलापर्यंत लाल झाला.

"मावशी, हे आधी सांगायचं ना," तो पुटपुटला.

"सांगितलं हुतं. चुकीचं सांगितलं."

तो फक्रुद्दीनच्या समोर जाऊन बसला, खांद्यावर हात ठेवून खुणेनं रस्ता दाखवला, आणि कुलपांची पेटी स्वतः उचलून कडेला ठेवली. परत येऊन म्हणाला, "हे बटण दाबायचं, म्हंजे समोरचा मानूस दिसतो." पोलिसाचा व्हिडिओ कसा काढावा हे पोलिसानंच शिकवलं. माणूस अगदीच वाया गेलेला नव्हता म्हणायचा.

घरी येऊन तिनं अलिझाला व्हिडिओ पाठवला. लगेच लेकीचा फोन आला, "अम्मी, ह्यात पोलीस कुठंय? काय उपयोग? पुसून टाक."

पुसण्याआधी फक्रुद्दीननं बघायला मागितला. एवढं रामायण त्याच्या पाठीमागं घडलेलं. त्याला काय ठाऊक? आवाज त्याला नव्हताच. नुसता बायकोचा चेहरा, थरथरणारे ओठ, गालावरून ओघळणारं पाणी. संपला की तो पुन्हा लावायचा.

तिनं पुसायला बोट पुढं केलं. त्यानं तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "माझ्यासाठी तू अशी रडतीस, हे मला कधी दिसलंच न्हवतं."