छापून कुठी आलं?

चष्मा कपाळावर चढवायचा, उजव्या हाताचं बोट समोरच्याच्या नाकाच्या दिशेने धरायचं आणि विचारायचं, "छापून कुठी आलं?" आमच्या भाऊंची ही लकब तुम्ही पाहिली नसेल तर तुमचं फार काही बिघडलेलं नाही. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात दर रविवारी पाहिली आणि दर रविवारी चिडले.

भाऊ म्हणजे काही माझे भाऊ नव्हेत. आमच्याकडे वयाने मोठ्या माणसाला भाऊ म्हणतात, म्हणून म्हणायचं. हा माणूस नोकरीभर सरकारी आकडे मांडत राहिला आणि निवृत्त झाल्यावर तेच काम फुकट करू लागला. इंटरनेटवर एक मुक्त ज्ञानकोश आहे, ज्यात कोणीही लिहू शकतो आणि कोणीही दुसऱ्याचं खोडू शकतो. त्यात आपल्या भागातल्या सगळ्या गावांची माहिती भरायची असं भाऊंनी ठरवलं आणि एक मंडळ जमवलं. संख्याशास्त्राचे एक प्राध्यापक, काही पेन्शनर, आणि मी, धानोऱ्याकडच्या मुलींच्या आश्रमशाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई. राइस मिलच्या वरच्या खोलीत आमची बैठक भरायची. खाली धानाचा कोंडा उडायचा आणि वर आम्ही ज्ञान पाखडायचो.

आमचं ज्ञान कसं तयार व्हायचं तेही ऐका. भाऊंनी आणि प्राध्यापकांनी मिळून संगणकाला एक साचा शिकवला होता. एका बाजूने जनगणनेतला गावांचा छापील तक्ता ओतायचा, दुसऱ्या बाजूने लेख बाहेर पडायचे. अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे. येथील हवामान उष्ण आहे. येथील प्रमुख पीक धान आहे. ज्या गावात सागवान आणि बांबूशिवाय नजरेला काही पडत नाही तिथेही आम्ही धान पिकवलं. एका बैठकीत इतकी गावं उरकायचो की त्यांची नावंसुद्धा कोणी वाचत नसे. मग चहा यायचा आणि आम्ही एकमेकांचं अभिनंदन करायचो.

साच्यात एक कलम भाऊंचं खास होतं. तक्त्यात लोकसंख्येच्या जागी शून्य असेल तर संगणकाने आपोआप लिहायचं, "हे गाव निर्जन आहे." या कलमाचा त्यांना फार अभिमान होता.

भाऊंचा स्वतःच्या कातडीवरही विश्वास नव्हता. मे महिन्यातली एक दुपार मला आठवते. वीज गेलेली, पंखा बंद, आम्ही सगळे घामाने निथळत होतो. कोणीतरी म्हणालं, आज चंद्रपूरच्या उन्हाने कहर केला, एवढं ऊन जन्मात पाहिलं नाही, ज्ञानकोशात टाकू या. भाऊंचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी चष्मा चढवला, बोट धरलं. "उद्या पेपरात येऊ द्या. मंग पाहू गरम होतं का नाई ते."

त्यांचा एक जुना सोबती वारला तेव्हा निरोप घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी हाच प्रश्न विचारला. पेपरात निधनवार्ता आली तेव्हा भाऊ निघाले आणि राख सावडायला पोचले. सोबत्याच्या बायकोने त्यांच्याकडे पाहून तोंड फिरवलं. मी तिच्या जागी असते तर तोंड फिरवून थांबले नसते.

एका रविवारी माझी जुनी विद्यार्थिनी जिना चढून आली. धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका गावची. गावाचं नाव सांगत नाही, तुम्ही लगेच फोनवर शोधाल. गावातल्या बायकांचा गट ती चालवते, मोहफूल आणि हिरडा गोळा करून विकते. तिने दम खाल्ला आणि फोन माझ्या हातात दिला.

"बाई, पाहा बरं. आमच्या गावात कोणीच राह्यत नाई म्हणून लिहून आहे. मंग मी कुठून आली?"

प्रकरण असं होतं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जंगल आणि धानाच्या मुलखात, धानकापणी झाली की गावोगाव नाटकं होतात. मोकळ्या झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मंडप पडतो, वडशाची नाटक कंपनी येते, आणि नाटकाच्या निमित्ताने लग्न होऊन गेलेल्या लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, पोरापोरींच्या सोयरिकी जुळतात. तिच्या गावात मात्र कधी नाटक झालं नव्हतं. दर हिवाळ्यात ही माणसं दुसऱ्यांच्या गावात पाहुणी म्हणून जायची. या वर्षी बायकांनी ठरवलं होतं की आता आपण बोलवायचं. लेकींना सांगावे गेले होते. आणि कंपनीच्या मॅनेजरने फोनमध्ये गाव शोधून तारीख नाकारली होती. ज्या गावात माणूस नाही तिथे नाटक कोणासमोर करायचं, असा त्याचा सवाल होता.

भाऊंनी तक्ता पाहिला आणि त्यांना लगेच उमगलं. "तुमची घरं नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात मोजली गेली. तुमच्या नावापुढं शून्य पडलं."

"मंग तसं लिहा ना भाऊ."

"तसं छापून कुठी आलं?"

भाऊ काही दुष्ट नव्हते, म्हणून त्यांनी तोडगा काढला. "असं करतो, तुमच्या गावाचं पानच काढून टाकतो. मंग कोणाले निर्जन दिसणार नाई."

"म्हणजे पहिले माणसं गेली, आता गाव बी?" ती म्हणाली. प्राध्यापक हसले. मला त्यांच्या हसण्याचा इतका संताप आला की मी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि भाऊंना म्हटलं, "तुम्ही एकदा चला, सोताच्या डोळ्यानं पाहा."

आले. हे मात्र त्यांच्या नावावर लिहायला हवं. जीप नाल्यात अडकली, शेवटचा रस्ता पायी तुडवावा लागला, पण कुरकुर केली नाही. गावच्या म्हाताऱ्या पाटलांनी जोहार केला, खाटेवर बसवलं. पोरं, कुत्री, कोंबड्या, पाण्याला निघालेल्या बाया, सगळे येऊन भाऊंना पाहून गेले. पाटलांनी खाटेशी उकिडवं बसत विचारलं, "दिसून राह्यलो ना जी आम्ही?" आणि सगळं गाव हसलं. भाऊही हसले. गरम भात आणि वाळल्या मासोळीचा रस्सा त्यांनी दोनदा मागून घेतला. मला वाटलं, जिंकलो.

परतताना जीपमध्ये मी म्हटलं, "आता तरी लिहा ना भाऊ. पाहिलं ना?"

"पाहिलं."

"जेवले बी."

"जेवलो बी. पण माझं जेवण हा काही संदर्भ होत नाई, बाई."

मी त्यांना त्या दिवशी पुष्कळ बोलले. तुमच्यापेक्षा कोंबड्यांना जास्त कळतं, असंही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी एक गोष्ट सांगितली. एका गावाच्या पानावर कोणीतरी लिहून ठेवलं होतं की इथली अमुक बाई करणी करते. नावानिशी. भाऊंनी हटकलं तर लिहिणारा म्हणाला, मी सोता पाहिलं, अख्ख्या गावानं पाहिलं.

"मी इचारलं, छापून कुठी आलं? नव्हतं आलं. म्हणून काढता आलं. नाई तर ते बाई आज कुठी असती, सांगा. आता माझं पाहिलेलं चालू दिलं, तर त्याचं बी चालू द्या लागते."

हे ऐकून मी आणखीच चिडले. योग्य कारणासाठी हट्टी असलेल्या माणसासारखा त्रासदायक प्राणी दुसरा नाही.

नंतरच्या आठवड्यात माझ्या विद्यार्थिनीचा फोन आला. मॅनेजर ती तारीख त्याच संध्याकाळी दुसऱ्या गावाला देणार होता, आणि हंगामात दुसरी तारीख उरली नव्हती. मी भाऊंना कळवलं, ते टोमणा मारायला. तर हा माणूस पिशवी घेऊन स्टेशनवर हजर. आम्ही वडशाच्या गाडीत बसलो, ती धानोऱ्याकडून परस्पर पोचली.

कंपनीच्या ऑफिसात भिंतभर नट्यांचे फोटो आणि मधे कॅलेंडर. भाऊ मॅनेजरसमोर उभे राहिले आणि जन्मात जे कधी बोलले नव्हते ते बोलले. "मी सोता पाहून आलो. गाव भरलेलं आहे."

मॅनेजरने फोन पुढे केला. "तुम्ही म्हणता तं ठीक आहे जी. पण इथी निर्जन लिहून आहे. कोण्या शिकल्यासवरल्या माणसानंच लिहिलं असन ना?"

"मीच लिहिलं आहे ते."

"मंग तं खरंच असन."

मला हसू फुटलं. पण तिच्याकडे पाहिलं आणि हसू जिरलं. ती पदराचं टोक मुठीत आवळून कॅलेंडरकडे बघत होती. एवढ्या लेकींना आता येऊ नका म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं, हे तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. भाऊंनाही दिसलं असावं. त्यांनी खुर्ची ओढली, आपला फोन काढला, चष्मा डोळ्यांवर नीट बसवला आणि एका बोटाने हळूहळू टाइप केलं. "या गावात लोक राहतात." खाली संदर्भाची जागा होती. ती त्यांनी रिकामी सोडली.

"आता पाहा," ते म्हणाले.

मॅनेजरने पाहिलं. "हो, आता आहे." आणि त्याने कॅलेंडरवर गावाचं नाव लिहिलं. इतकं सोपं होतं ते.

आम्ही परतीच्या गाडीत बसतो न बसतो तोच भाऊंचा फोन वाजला. मूलमध्ये बसलेल्या प्राध्यापकांनी ते वाक्य खोडून जुनं परत आणलं होतं. कारण दिलं होतं, संदर्भ नाही. भाऊंनी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा खोडलं. भाऊंनी आणखी एकदा लिहिलं. नागभीड येईपर्यंत भाऊंना ज्ञानकोशात लिहायलाच बंदी झाली होती. बंदी घालायचा हा नियम प्राध्यापकांना भाऊंनीच शिकवला होता.

"फोन लावा त्यांना, चांगलं सुनवा," मी म्हटलं.

"काऊन? बरोबरच करून राह्यला तो." नंतर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पण मी खोटं नाई लिहिलं, बाई." त्या क्षणी मला या माणसाची फार माया आली, आणि सगळ्या रविवारांचा राग कुठे ठेवावा ते कळेना.

पुढच्या बैठकीत आमच्या मंडळाने आपली शोभा करून घेतली. भाऊंकडे इतरांचं लेखन तपासायचे जे अधिकार होते ते काढून घ्यावेत, असा ठराव प्राध्यापकांनी मांडला. पेन्शनरांनी गंभीर चेहरे करून माना डोलवल्या. माझ्या एकटीचा विरोध, त्याची नोंदही कोणी घेतली नाही. भाऊंनी स्वतः ठरावाच्या बाजूने हात वर केला. चहा घेतला, सगळ्यांना नमस्कार केला आणि जिना उतरून गेले. त्यानंतर ते रविवारी आले नाहीत. मीही जाणं सोडलं. मंडळ जोरात चालू आहे, असं ऐकते.

नाटक झालं. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. लेकी आल्या, जावई आले, नाल्यापलीकडचं मोठं गाव पाहुणं म्हणून आलं. उद्घाटनाला पाटलांनी भाऊंना हार घातला आणि ते पहिल्या रांगेत नवरदेवासारखे अवघडून बसले. पेपरात बातमीही आली. पण बातमीदार मोठ्या गावापर्यंतच पोचला असावा, कारण नाटक तिथे झालं असं त्याने छापलं. मी तो पेपर घेऊन रागारागाने भाऊंकडे गेले. त्यांनी बातमी सावकाश वाचली, पेपर घडी करून परत दिला आणि म्हणाले, "छापून तं आलं."

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. त्या गावाच्या पानावर अजून ते निर्जनचंच वाक्य आहे. मी बदलत नाही. बदललं तर कोणीतरी ते खोडील, आणि तो कोणीतरी आमच्याच खोलीतला असेल.

ते गेले त्या सकाळी आम्ही मंडळाचे लोक त्यांच्या अंगणात एका कोपऱ्यात बसलो होतो. गल्लीत आधी एक जीप थांबली, मग तिच्यामागे ट्रॅक्टर. माणसं उतरत राहिली. पाटील होते, माझी विद्यार्थिनी होती, तिच्या गटातल्या बाया होत्या, कडेवर पोरं होती. अंगण भरलं, ओटा भरला, उरलेले गल्लीत उभे राहिले. भाऊंची सून दारात येऊन बघत राहिली. तिने विचारलं, "एवढे लोक कुठून आले?" माझ्या विद्यार्थिनीने गावाचं नाव सांगितलं.

माझ्या शेजारी बसलेल्या प्राध्यापकांनी सवयीने फोन काढला. गावाचं नाव टाकलं, वाचलं, मान वर करून अंगणाकडे पाहिलं. मग त्यांनी फोन खिशात ठेवला, उठले आणि आलेल्या माणसांसाठी सतरंज्या अंथरू लागले. सतरंज्या कमी पडल्या.