लेव्हलकाकांची निळी रेघ

लेव्हलकाका नव्या माणसाला त्याचं नाव विचारायच्या आधी गाव विचारायचे, आणि गाव कळलं की ते समुद्रसपाटीपासून किती उंच आहे ते सांगून मोकळे व्हायचे. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत जी उंची लिहिलेली असते, जी तुम्ही-आम्ही कधी वाचत नाही, ती त्यांना कितीतरी गावांची पाठ होती. "आपलं नागपूर हजार फूट," असं ते इतक्या समाधानानं म्हणायचे, की जणू ती उंची त्यांनीच कमावली होती. धरमपेठेत ते आमच्या शेजारी राहायचे. सरकारी सर्व्हेत दुर्बीण लावून जमिनीचा चढउतार मोजायची त्यांची नोकरी. अख्खी गल्ली त्यांना लेव्हलकाकाच म्हणायची. खरं नाव बहुधा पोस्टमनलाच ठाऊक होतं.

गल्लीतल्या प्रत्येक पोराची वाढदिवसाला त्यांच्या दाराशी हजेरी असायची. काकू हातावर बेसनाचा लाडू ठेवायच्या आणि काका आम्हाला चौकटीला पाठ टेकवून उभं करायचे. डोक्यावर लाकडी पट्टी, मग पेन्सिलीची रेघ, शेजारी नाव. पण उंची 'तीन फूट' अशी लिहायची नाही. 'हजार आणि तीन' अशी लिहायची. मी एकदा म्हटलं, "काका, मी एवढी उंच कुठे आहे?" ते म्हणाले, "काहून नाही वं? पायाखालची जमीन कोणाची हाय मंग?" त्या दिवशी शाळेत मी उगाचच ताठ चालले.

तरुणपणी दोन वर्षं त्यांची बदली मुंबईला, एका बंदरावर झाली होती. धक्क्यावरच्या खोलीत बसून भरती-ओहोटीची पातळी वहीत लिहायची आणि जुन्या, फाटायला आलेल्या वह्यांची नक्कल करायची, हे काम. नक्कल करता करता त्यांच्या लक्षात आलं, की जुन्या वह्यांतला समुद्र थोडा खाली होता. "केसाएवढा फरक होता," ते सांगायचे, "पण वरच. दरसाल वरच. समुद्र चढून राहिला, अन् लोक खाडीकाठच्या खाजणात माती टाकून त्याच्या घरात घर बांधून राहिले." नागपुरात हे ऐकून कोण घाबरणार? आमच्याकडे मे महिन्यात नळाची धार करंगळीएवढी व्हायची, आणि या गृहस्थाला समुद्राची काळजी. लोक हसायचे. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू?

मला बघायला मुंबईचे पाहुणे आले, तेव्हा वडिलांनी शेजारधर्म म्हणून काकांनाही बसवलं. पोहे झाले, पत्रिकेचं बोलणं झालं आणि काकांनी मुलाच्या वडिलांना विचारलं, "उंबरठा समुद्रापासून किती वर हाय?" ते गृहस्थ गोंधळून म्हणाले, "तळमजला आहे. खाडी जवळच आहे, वारा छान येतो." पाहुणे गेल्यावर काका वडिलांना म्हणाले, "पोरगा चांगला हाय गा. घर खाली हाय." वडील त्यांच्यावर महिनाभर फुगून होते. लग्न अर्थातच झालं.

माझी मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा काका मुंबईला आले. तोवर ते निवृत्त झाले होते. बरोबर लाडवांचा डबा, आणि कुणाकडून तरी मागून आणलेली दुर्बीण. खाडीच्या पुलावर उंचीची सरकारी खूण कोरलेली होती, तिथपासून आमच्या दारापर्यंत त्यांनी मोजत आणलं. लाल-काळ्या आकड्यांची उंच पट्टी धरून मी भर गल्लीत उभी, आणि शेजारीपाजारी खिडक्यांतून बघतायत. आमचे हे तर लाजेनं घरातच बसले. हिशेब जुळल्यावर काकांनी नातीला चौकटीशी उभं करून तिची रेघ ओढली. मग खाली वाकले आणि निळ्या पेन्सिलीनं आणखी एक रेघ ओढली, माझ्या गुडघ्याच्या जरा वर.

"ही त्याची," ते म्हणाले. "मोठ्या उधाणाच्या दिवशी बाहेर समुद्र इथवर असते. मधात बांध हाय म्हणून तुम्ही कोरडे."

ह्यांनी हसून म्हटलं, "काका, सरकारनं मोजल्याशिवाय का परवानगी दिली असेल?"

काका खुर्चीत बसले. मग म्हणाले, "जवाईबापू, मोजणारा मीच होतो. हे नाही, अशीच एक भरावाची जागा. फूटभर खाली निघाली. साहेब म्हणला, वहीत फूटभर चढव. मी चढवला. जमीन काही चढली नाही, कागद चढला. आता तिथं लेकरंबाळं राहून राहिली. तो एक फूट मले अजून सोडत नाही."

आयुष्यभर ते उंचीच का धरून बसले होते, ते मला तेव्हा कळलं आणि आपण हसत होतो याची फार लाज वाटली. निघताना चौकटीकडे बोट दाखवून ते मला म्हणाले, "दोघंही वाढून राहिले. पोरगी सोळाव्या वर्षी थांबन. हा थांबणार नाही. ध्यान ठेव माय."

दोन वर्षांनी काका गेले. तार मिळून मी नागपूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांच्या चौकटीवर माझं नाव अजून होतं, हजार आणि तीन. काकूंनी मला तिथेच पाठ टेकवून उभं केलं आणि आम्ही दोघी रडलो.

पुढच्या श्रावणात, उधाणाच्या एका दुपारी बांध फुटला. स्वयंपाकघरातली पिंपं तरंगली, मुलगी पलंगावर उभी राहून ओरडत होती. पाणी निळ्या रेघेच्या दोन बोटं खाली थांबलं. हे त्या रेघेकडे बघत पाण्यात नुसते उभे होते. महिन्याभरात ते म्हणाले, "घर विकू." मला हायसं वाटलं. मग त्यांनी रंगाचा डबा आणला आणि आधी चौकट रंगवायला घेतली.

"ती नका रंगवू," मी म्हटलं.

"अगं, घर विकताना माणूस रंग देतोच."

"द्या. भिंतींना द्या. चौकटीला नको."

घर बघायला एक जोडपं आलं. बाईच्या कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ. तिला घर आवडलं, वाराही आवडला. चौकटीपाशी थांबून कौतुकानं म्हणाली, "मुलीच्या खुणा ना या? आणि ही खालची निळी? धाकट्याची का?"

हे माझ्याकडे बघत होते. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "ती समुद्राची." आणि सगळं सांगितलं. बांध, पाणी, पलंगावरची मुलगी, सगळं. बाईनं बाळ छातीशी धरलं. दारातून वळून तिनं विचारलं, "मग तुम्ही कशा राहता इथे?"

हे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर घर बघायला आलेल्या प्रत्येकाला मी ती रेघ दाखवली. काकांचा तो फूट माझ्या हातून पुन्हा चढला नाही. आम्ही अजून त्याच घरात राहतो.