वरच्या काकूंची चौकशी

वरच्या काकू जिन्यात दमून कधीच थांबल्या नाहीत. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. डोंबिवलीच्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत त्या चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, हातात भाजीची पिशवी. प्रत्येक मजल्यावर कुणाची तरी बेल वाजवायची, कठड्याला टेकायचं आणि विचारायचं, "आज काय केलंयस गं?" आमटी म्हटलं तर कसली, फोडणीला काय घातलंस. श्वास जागेवर आला की "चालू दे तुझं" म्हणून पुढचा मजला. एकदा मी खुर्ची पुढे केली, तर म्हणाल्या, "मी दमले नाहीये. चौकशी करतेय."

पिशवी धरू का विचारणाऱ्यालाही सोडत नसत. "हात रिकामे असतील तर वर ये, कोथिंबीर निवडायचीय."

त्यांचा मुलगा सुधीर ठाण्याला लिफ्टच्या इमारतीत राहतो. आईसाठी त्याने खोली तयार ठेवली होती. इथली जागा विकून तिला घेऊन जायचं, हे त्याच्या मनात पक्कं होतं, आणि त्याची काळजी खोटी नव्हती. दर रविवारी वाद व्हायचा.

"आई, पडलीस तर?"

"पडले तर उचल. आत्ता उभी आहे ना?"

आमच्या महिला मंडळाच्या सहली मी ठरवते. नाश्ता, औषधं, स्वच्छतागृह कुठे, सगळं आधीच नक्की. त्या खेपेला मुंबईतलं जुन्या ट्राम आणि ट्रॉलीबसचं संग्रहालय ठरलं. काकूंचं बालपण परळचं, दुमजली ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसून फिरण्यात गेलेलं. सुधीरचा मला फोन आला, "तिला जिनेबिने चढू देऊ नका हं. मीपण येतो." काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला. "ये की. त्या ट्रामचा जिना चढले तर जागा विकायचा विषय बंद. नाही चढले, तर त्याच संध्याकाळी तुझ्याकडे येते राहायला." हे माझ्या नियोजनात नव्हतं, पण मला विचारतो कोण?

तिथे बाकीच्या बायका ट्रॉलीबससमोर फोटो काढू लागल्या. काकू सरळ ट्रामपाशी. रखवालदार आडवा आला. "आजी, वर नाय जायचं. बंद आहे."

"मोडलाय का जिना?"

"मोडला नाय हो. जुना आहे."

"मग झालं. मीही तशीच."

तो हसला. इकडेतिकडे बघून त्याने जिन्याला आडवी बांधलेली दोरी काढली आणि पायथ्याशी उभा राहिला. "सावकाश हां."

जिना अरुंद, गोल वळत जाणारा. मध्ये ना मजला, ना कुणाची बेल. अर्ध्यावर काकूंचा पाय अडला. दांड्यावरची बोटं पांढरी पडलेली मला खालून दिसत होती. सुधीर पुढे सरसावला. तेवढ्यात काकूंनी मान वळवून रखवालदाराला विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"चिपळूणकडचं."

"भात लावता?"

"लावतो की."

विषय संपला, श्वास मात्र अजून जागेवर आला नव्हता. मग आईकडे न बघता सुधीरच रखवालदाराला म्हणाला, "यंदा कसं आलं भात? घरी कोण बघतं?"

रखवालदार खुलला. भाऊ, भावाचं शेत, रात्री घुसणारी रानडुकरं, सगळं सांगत सुटला. सुधीर मान डोलवत एकेक विचारत राहिला, वरच्या फळ्यांवर पावलं वाजेपर्यंत.

ही ट्राम शेवटच्या थांब्यावर वळत नसे, तशीच उलट निघे. बाकाची पाठ पलीकडे लोटली की मागचं ते पुढचं होई. काकूंनी वर जाऊन आधी तेच केलं. जोरात करकर झाली. रखवालदाराने कपाळाला हात लावला. वरून खिडकीतून हाक आली, "सुधीर, ये रे! जागा आहे."

जागा विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढे काकू गेल्या त्याही चौथ्या मजल्यावरच, स्वतःच्या पलंगावर.

मी तिसऱ्यावर राहते. परवा बाजारातून येताना दुसऱ्या मजल्यावर माझा गुडघा अडला. बेल वाजवली. तिथल्या नव्या सुनेने दार उघडलं. "अगंबाई, दमलात? बसता का?"

मी कठड्याला टेकले. "छे गं. आज काय केलंयस?"